मेंढरं दारात बसवली

'काफिला'चं शेवटचं दार पुन्हा पुढं ढकललं गेलं, ही बातमी माझ्या सासूबाईंना मीच लिहून कळवली. त्यांना एकट्यांना नाही. तो खेळ मोबाइलवर मराठीतून खेळणाऱ्या सगळ्यांनाच. खेळाच्या कंपनीसाठी मराठी मजकूर लिहिणं हे माझं घरबसल्याचं काम आहे. पण बाकीची माणसं कुठं बसून ऐकतात, ऐकून काय म्हणतात, ते मला दिसत नाही. आत्या, म्हणजे सासूबाई, मात्र समोरच बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मांडीवर माझी मेघा झोपलेली, गुडघ्यावर मोबाइल उभा केलेला, आणि मोबाइलमधली बाई माझी वाक्यं गोड आवाजात वाचून दाखवत होती.

"शेवटचं दार आम्ही तुमच्यासाठी आणखी सुंदर करत आहोत. लवकरच भेटू. तोवर आपल्या कळपाची काळजी घ्या."

"लवकरच म्हंजी कवा गं, योगे?"

"ते कंपनीनं सांगितलं नाही, आत्या."

"लिवलं तर तूच."

"लिहिलं मी. ठरवलं त्यांनी."

"मग त्यांना लिव, म्हणावं केसरबाईचे डोळे लवकरच जाणार हायेत. बघू कोणाचं लवकरच आधी येतं."

हे त्या हसत म्हणाल्या. मला हसता आलं नाही.

आत्यांना काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाच. डाव्याला कडेकडेनं अंधार येत येत मधोमध एक खिडकी राहिली आहे, आणि तीही बारीक होत चालली आहे. गेलेली नजर परत येत नसते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "मग मोबाइल बघू का नको?" हे आत्यांनी त्यांना स्वतः विचारलं. डॉक्टर म्हणाले, "त्यानं हे वाढत नाही, आजी. पण उरलेल्या नजरेनं काय बघायचं ते तुम्ही ठरवा."

आत्यांनी ठरवलं. त्यांना ते पाणी बघायचं होतं.

खेळ असा आहे. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच उजाड माळावर उतरतात. प्रत्येकाकडं मेंढरांचा एक कळप. वाटेत वाळूची वादळं, लांडगे, लुटारू. एकेक दार ओलांडत कळप पुढं न्यायचा. शेवटच्या दारापलीकडं कधीच न आटणारं एक कुंड आहे. खेळ निघाला तेव्हाच्या जाहिरातीत त्याची झलक दाखवली होती, थोड्या दगडी पायऱ्या आणि पाण्याची नुसती निळी रेघ. तेवढ्या रेघेवर लोक इतके दिवस चालत आलेत.

आधी मीच तो खेळायचे, मेघाला पाजता पाजता, माझी वाक्यं पडद्यावर बरोबर उमटतात का ते बघायला. एकदा मेघानं आकांत मांडला म्हणून मोबाइल आत्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "जरा एवढी मेंढरं लांडग्यापासून सांभाळा." मेघाला शांत करून आले, तर मोबाइल काही परत मिळाला नाही.

आत्यांचं माहेर पिशोरच्या बाजूचं. माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरंच. दुष्काळात ती गेली, मग माझे मिस्टर बिभीषण यांना शेंद्र्याच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही झाल्टा फाट्याच्या अलीकडं या नव्या इमारतीत आलो. आत्यांच्या हाताला इथं काही काम नव्हतं. गॅलरीत उभं राहून समोरच्या माळावर नवे टॉवर चढताना बघायच्या. मोबाइल हातात आला आणि त्यांचा आवाज मोठा झाला. त्यांनी पिशोरच्या कडुबामामांना, म्हणजे धाकट्या भावाला, खेळात ओढलं. मामांचा कळप आत्यांच्या कळपाशेजारून चालायचा, आणि दोघं मोबाइलमधून भांडायचे.

"आक्का, तुझी मेंढरं माझ्यात घुसली बघ. खरी असती तर कोंडून दंड घेतला असता."

"खरी असती तर तुझ्यात घुसलीच नसती. तुझी कायम खरजलेली."

आत्यांच्या कळपातल्या पुढच्या मेंढीचं नाव बांडी. तिच्या गळ्यातल्या घंटीवर बोट ठेवलं की ती जिथं असेल तिथलं पडद्यावर दिसतं. वाट चुकलेला कळप शोधायला ती सोय आहे. आत्या दिवसातून एकदा तरी घंटीवर बोट ठेवून बांडीच्या डोळ्यानं माळ बघायच्या. म्हणायच्या, "हिची नजर माझ्यापेक्षा बरी हाय."

आता यातला डाव सांगते, म्हणजे मला राग कशाचा आला ते कळेल.

शेवटचं दार दसऱ्याला उघडणार होतं. मग संक्रांत आली, मग पाडवा. दर वेळी तारीख मागं घेतली की खेळात तहान वाढायची. रोज खेळ उघडून कळपाला पाणी दाखवलं नाही, चारा टाकला नाही, तर मेंढरं एकेक करून आडवी होतात. चारा मिळतो दाराशेजारच्या बाजारात, आणि चांगला चारा खऱ्या पैशानं मिळतो. जाणती पोरं काय करतात, तर कळप मरू देतात आणि दार उघडायच्या आदल्या दिवशी नवा घेतात. हे मी आत्यांना समजावून सांगितलं होतं.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी मेघाला उपाशी ठेवायला सांगतेय. "तहानलेलं जनावर तसंच टाकून खुशाल झोपायचं? आसं म्हणतीस तू?"

"खोटी आहेत ती, आत्या."

"खोटी आसतील. जीभ तर बाहेर काढतेत ना."

म्हणजे कंपनीनं रचलेल्या त्या सापळ्यात पोरं अडकली नाहीत, अडकली ती माझी सासू. रोज सकाळी थेंब घालायचे, डोळा मिटून पडायचं, आणि डोळा उघडला की पहिली नजर त्या मेंढरांवर खर्च करायची. मेघाला पहिला दात आला तेव्हा त्यांनी तो बोटानं चाचपून पाहिला. "बघते मग," म्हणाल्या, "आत्ता नजर दमलीय." ते वाक्य माझ्या पोटात राहिलं.

पुढं ढकलल्याची ती बातमी ऐकून आत्यांनी एवढंच विचारलं, "त्या कंपनीत आपला टँकरवालाबी कामाला हाय का?" आमच्या इमारतीचा टँकर कालपासून 'निघालाय, निघालाय' करत होता. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर.

मेघा दुपारची झोपते तेवढ्या वेळात माझी कंपनीची मीटिंग असते. पुण्याहून शिवशंकर सर बोलतात. सर वाईट माणूस नाहीत. मेघाच्या वेळी त्यांनी मला कामावरून काढू दिलं नव्हतं, हे मी विसरत नाही. त्या दिवशी मेघा झोपली नाही, म्हणून मी कॅमेरा बंद ठेवून पदराआड तिला पाजत होते. पडद्यावर ते खेळणाऱ्यांच्या आकड्यांच्या चढउताराच्या रेघा दाखवत होते.

"शेवट बघितला की लोक निघून जातात," ते म्हणाले. "दुसऱ्या खेळांचं आपण पाहिलं. म्हणून दार पावसाळ्यानंतर. तोवर मराठीत रोज एक गोड संदेश द्या."

मी विचारलं, "सर, पण काम किती राहिलंय? लोक विचारतात."

"काम कसलं? दार कधीचं तयार आहे. कुंड तयार आहे, सगळं आत घालून ठेवलंय. फक्त कुलूप काढायचं."

"मग आपण 'आणखी सुंदर करत आहोत' का लिहितो?"

"'अडवून धरलंय' असं लिहायचं का मग?" ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, लोक गेले तर हे काम जाईल, तुमचंही आणि माझंही. तुमच्या भाषेत एक माया आहे. ती ठेवा."

मेघानं दूध सोडलं होतं आणि माझ्याकडं टकामका बघत होती. माझी माया. मी मेघाला झोपवताना जे बोलते, त्याच सुरात मी हजारो माणसांना थापा मारत होते, आणि त्यातलं एक माणूस पलीकडच्या खोलीत डोळ्यावर ओला रुमाल ठेवून पडलं होतं.

उठले आणि आत्यांना सांगून टाकलं. "दार तयार आहे, आत्या. कधीचंच. मुद्दाम उघडत नाहीत."

त्यांनी रुमाल काढला. मला वाटलं, रडतील. त्या उठून बसल्या आणि केस बांधायला लागल्या.

"मेंढरं आमीबी रोखायचो," त्या म्हणाल्या. "पाण्यावर समदी एकदम सोडली तर एकमेकाला तुडवतेत, पाणी गढूळ करतेत. म्हणून लांबच थांबवायची आन् थोडी थोडी सोडायची. ते त्यांच्यासाठी आसतं. पण पाण्याचा वास लागंल इतक्या जवळ नेऊन, तिथं उभं करून, वर त्यांनाच चारा इकायचा? आसं आमच्यातल्या कुणी केलं आसतं तर वाड्यातल्या कुठल्याच बिऱ्हाडानं त्याला जेवणाला बोलावलं नसतं." मग हात पुढं केला. "कडुबाला लाव."

मामांना सगळं ऐकवल्यावर ते म्हणाले, "मग काय करावं म्हणतीस, आक्का? शिव्या द्याव्या?"

"शिव्या खातेत ती लोकं, पगारावर. मेंढरं बसवायची. दारापुढं, त्या चाऱ्याच्या बाजाराच्या तोंडाला. माणूस आत शिरता कामा नये."

खेळातली मेंढरं घट्ट आहेत. एकमेकांतून जात नाहीत, माणसालाही जाऊ देत नाहीत. दारापुढची जागा अरुंद. दुसऱ्या दिवशी सकाळी, टँकर आलेला, बिभीषण पाइप धरून खाली उभे, आणि वर आत्यांनी आपला कळप बाजाराच्या तोंडाशी नेऊन बसवला. बसवताना एकेकाला फिरवत होत्या. मामा वैतागले.

"बसली ना आता? तोंडं कशाला फिरवतीस?"

"बसवताना तोंड उद्याच्या वाटंकडं पाहिजे. आपल्या बापाची रीत इसरला व्हय?"

"उद्याची वाट तर बंद हाय की."

"वाट तिकडंच हाय. बंद त्यांनी केली."

सगळ्या मेंढरांची तोंडं त्यांनी दाराकडं केली. बांडी सगळ्यात पुढं, नाक जवळजवळ दाराच्या फळीला लागलेलं. मामांनी बहिणीचं ऐकून आपलीही तशीच बसवली, कुरकुरत.

बघता बघता लोक जमले. कोणी जालन्याचं, कोणी लातूरचं. काय चाललंय म्हणून विचारायचे, आणि आत्या प्रत्येकाला सांगायच्या, "दार तयार हाय, उघडत नायत. म्हणून बसवलीत." तयार आहे हे तुम्हाला कसं माहीत, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "वास येतो." माझं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. शहागंजच्या एका पोरानं विचारलं, "अम्मा, हमारे जानवर किधर बिठाना?" आत्या म्हणाल्या, "इधर बिठा, बाजार के मुँह में. और हिलना नहीं हाँ, बेटा." तो म्हणाला, "अम्मा बोले तो नै हिलते."

दुपारपर्यंत चाऱ्याच्या बाजारात जायला वाट राहिली नाही. जिकडं पाहावं तिकडं लोकर. शिवशंकर सरांचा निरोप आला, लोकांना हटायला सांगा. मी लिहिलं, "कृपया बाजाराचा रस्ता मोकळा करा." मोबाइलमधल्या बाईनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. आत्या माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "आज लई कोरडं लिवलंस." 

"तेवढंच जमलं," मी म्हटलं.

संध्याकाळी कंपनीनं आपला उपाय काढला. मला वाक्य आलं आणि मी ते मराठीत घातलं: गर्दीचा त्रास कमी व्हावा म्हणून यापुढं जनावरं कशातूनही आरपार जातील. खेळ एकदा बंद होऊन परत सुरू झाला. घट्ट बसलेली लोकर धुरासारखी झाली. माणसं मेंढरांतून खुशाल चालत बाजारात शिरली. एकाच्या कळपात दुसऱ्याचा कळप मिसळून गेला.

आत्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला. "भूतं केली गं माझ्या मेंढरांची."

कडुबामामांचा आवाज उतरला होता. "आक्का, झालं ते झालं. उठव आता. चल माघारी."

आत्यांनी हाकेच्या खुणेवर बोट ठेवलं. ती हाक दिली की कळप उठतो आणि तोंड असेल त्या दिशेनं चालायला लागतो. मग त्याला वळवायचं. आजूबाजूच्यांनीही हाक दिली, पण त्यांच्या कळपांची तोंडं जिकडं जिकडं होती, तिकडं तिकडं ते पांगले. आत्यांची मेंढरं उठली आणि सरळ चालायला लागली. बांडीचं नाक फळीत शिरलं. मग डोकं, मग पाठ. कशातूनही आरपार, असं मीच लिहिलं होतं ना. दारही त्यात आलं, हे त्या हुशार माणसांच्या ध्यानात आलं नव्हतं. बांडीमागं दुसरी, तिच्यामागं तिसरी, पाठोपाठ मामांचा कळप, आणि ते पाहून बाकीचेही आपापली मेंढरं दाराकडं वळवायला लागले. आत्यांचा खेळातला माणूस तेवढा दाराशी आपटून उभा राहिला.

"योगे, कुठं गेली?"

"आत गेली, आत्या." मी पुढं वाकले. "घंटी. घंटीवर बोट ठेवा."

त्यांना घंटी सापडेना. मी त्यांचं बोट धरून ठेवलं.

पडदा निळा झाला. आधी पायऱ्या, झिजलेल्या, कडेला शेवाळ. मग पाणी. काठावरचं झाड पाण्यात उलटं दिसत होतं आणि त्याची पानं हलत होती. पायरीवर एक पितळी तांब्यासुद्धा ठेवलेला. एवढं बारीक काम कोणीतरी जीव लावून केलं होतं आणि त्यावर कुलूप घातलं होतं. बांडी पाण्याशी गेली आणि तिनं मान खाली घातली.

आत्यांना सगळा पडदा एकदम दिसत नाही. त्या मोबाइल हळूहळू डावीकडं न्यायच्या, मग उजवीकडं, आणि त्या बारीक खिडकीतून एकेक तुकडा बघायच्या. "ह्या अंगाला काय हाय?" मी सांगायचे, पायऱ्या. "आन् वर?" पाखरं, आत्या, टिटव्या असाव्यात. मामा पलीकडून आपल्या मेंढीच्या घंटीवर बोट ठेवून बघत होते.

"म्हंजी व्हतं तर," आत्या म्हणाल्या. "समदं व्हतं."

सगळी मेंढरं पाण्यावर लागेपर्यंत त्यांनी मोबाइल खाली ठेवला नाही. मग ठेवला, पालथा.

"कडुबा, मी आता ह्यो उघडणार नाय. पाण्यावर हायेत ती. त्यांना माझी गरज नाय राह्यली."

"मग मी भांडू कुणासंगं?"

"खऱ्या फोनवर भांड की. तोंड हाय ना तुला."

माझा फोन वाजत होता. शिवशंकर सर. शेवट बघून आत्या निघाल्या होत्या, म्हणजे त्यांच्या रेघांमधलं एक माणूस कमी झालं होतं. ज्याची त्यांना भीती होती तेच. पण त्यांना वेगळीच घाई होती. "मॅडम, आत्ताच्या आत्ता टाका. तांत्रिक चूक झाली. आत जे दिसलं ते अपुरं होतं, काम चालू आहे. लोकांनी चित्रं काढून घेतलीत, पसरायच्या आत टाका."

"अपुरं नव्हतं, सर."

"मॅडम, प्लीज."

मी आत्यांकडं पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नजर गेली तसे कान तिखट झालेत त्यांचे. लिही म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. मी नाही म्हटलं तर उद्या घर बिभीषणच्या एकट्याच्या पगारावर येईल, हे त्यांनाही कळत होतं.

मी लिहिलं: "आत जे दिसलं ते पूर्ण आहे. पाणी आहे. दार तयार असून अडवून धरलं होतं, आणि ते आम्ही तुमच्यापासून लपवलं." वाक्यात माया होती का मला माहीत नाही. ते पाठवलं. पालथ्या मोबाइलमधून ती बाई त्याच गोड आवाजात ते वाचायला लागली, आणि पलीकडून शहागंजचं ते पोरगं ओरडलं, "अम्मा, सुने क्या?"

आत्यांनी मोबाइल सुलटा न करताच म्हटलं, "सुने बेटा."

नोकरीचं काय ते रात्री बिभीषण आल्यावर बोलू, असं मी मनाशी म्हटलं. मेघा जागी होऊन पाळण्यात खुळखुळ्याशी झटापट करत होती.

"आण तिला इकडं," आत्या म्हणाल्या. "उजेडाच्या बाजूला बस. दात बघायचाय."

मी मेघाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीचा पडदा बाजूला केला. आत्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, जवळ आणलं, थोडं डावीकडं वळवलं, थोडं उजवीकडं. मेघा हसली.

"एक नाय गं," आत्या म्हणाल्या. "दोन हायेत. तू एकच सांगितलं हुतंस."